राज्याच्या करात गावाचा वाटा: कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवरचा असा प्रस्ताव कसा वाचावा

ऑक्टोबर उजाडला की कॅलिफोर्नियातल्या नोंदणीकृत मतदाराच्या घरी टपालाने मतपत्रिका येते आणि तिच्या आगेमागे राज्याचं जाडजूड व्होटर गाइड, म्हणजे मतदारांसाठीची माहितीपुस्तिका. उमेदवार निवडण्याची आपल्याला भारतापासूनच सवय असते. पण करातला कोणता वाटा राज्याकडे राहील आणि कोणता शहराकडे, यावर आपण स्वतः हो किंवा नाही म्हणायचं, हे पहिल्यांदा समोर आलं की गांगरायला होतं. महाराष्ट्रात २०१७ साली जीएसटी आला, मुंबईची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळू लागली. एवढा मोठा फेरबदल, पण तो विधिमंडळात ठरला. गिरगावातल्या किंवा मुलुंडमधल्या माणसाला कुणी त्यावर शिक्का मारायला सांगितलं नाही. इथे सांगतात. म्हणून हे वाचन शिकून घ्यायला हवं.

या प्रकारच्या प्रस्तावांचं शीर्षक नेहमी गोड असतं: स्थानिक पैसा स्थानिक कामांसाठी, अग्निशमन आणि पोलिसांच्या निधीचं रक्षण, वगैरे. याला नाही कोण म्हणेल? माझं ठाम मत असं, की शीर्षकावर मत देऊ नये. दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पेन उचलू नये. हा पैसा कुणाच्या ताटातून येतोय? आणि तिजोरीला कुलूप लावलंय म्हणतात, त्याची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? खाली सांगितलेली सगळी पद्धत या दोन प्रश्नांसाठीच आहे.

आधी कागदपत्रं

मत फक्त अमेरिकी नागरिकाला देता येतं. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी असताना चुकूनही मतदार नोंदणीच्या फॉर्मवर सही करू नका. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आणि इथल्या वास्तव्यातही त्याचे गंभीर परिणाम होतात. नागरिक असाल तर निवडणुकीच्या १५ दिवस आधीपर्यंत नोंदणी करता येते, आणि ती मुदत हुकली तरी मतदान केंद्रावर जाऊन सशर्त नोंदणी करून मत देता येतं.

व्होटर गाइड इंग्रजीशिवाय इतर काही भाषांतही निघतं. मराठी त्यात नाही, पण हिंदी आहे. नागरिकत्व घेतलेले आई-बाबा घरी असतील तर त्यांच्यासाठी हिंदी प्रत मागवा. देवनागरीत समोर आलं की ते स्वतः वाचतात, आणि मग जेवणाच्या टेबलावर चर्चा खरी रंगते. मुलाने सांगितलं तिथे खूण केली, असं मत देण्याची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नये.

पहिली पायरी: आज पैसा कसा वाटला जातो ते बघा

हे केल्याशिवाय पुढचं काहीही कळणार नाही, म्हणून इथे वेळ घालवा.

दुकानातली पावती घ्या. कॅलिफोर्नियात सेल्स टॅक्सचा किमान दर ७.२५ टक्के आहे. तुमच्या गावात तो जास्त असेल तर वरचा भाग स्थानिक मतदारांनी मंजूर केलेला असतो. १०० डॉलरच्या खरेदीवरचे ते सव्वासात डॉलर असे वाटले जातात: ३ डॉलर ९४ सेंट राज्याच्या सर्वसाधारण खात्यात. ५० सेंट १९९१ साली काउंट्यांकडे (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग) सोपवलेल्या आरोग्य आणि समाजकल्याणाच्या कामांसाठी. आणखी ५० सेंट स्थानिक सार्वजनिक सुरक्षेसाठी. १ डॉलर ६ सेंट २०११ साली काउंट्यांकडे दिलेल्या जबाबदाऱ्यांसाठी. त्यात तुरुंग, प्रोबेशन, मानसिक आरोग्य असं सगळं येतं. १ डॉलर ज्या शहरात किंवा काउंटीत खरेदी झाली तिला. आणि २५ सेंट काउंटीच्या वाहतुकीला.

म्हणजे ज्याला आपण राज्याचा कर म्हणतो, त्यातले दोन डॉलरहून जास्त आधीच स्थानिक कामांना बांधलेले आहेत. वाटणीची पद्धतही बघा. वरच्या यादीतला तो एक डॉलर खरेदी जिथे झाली तिथल्या शहराला जातो, तुम्ही राहता त्या शहराला नाही. प्रत्येक शहराला आपल्या हद्दीत मोठं दुकान किंवा मोटारींची शोरूम हवी असते आणि घरं बांधायला मात्र हात आखडता घेतला जातो, त्याचं एक मोठं कारण या डॉलरमध्ये आहे.

दुसरा कागद म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सचं बिल. ६ जून १९७८ ला मतदारांनी प्रॉपोझिशन १३ (प्रॉपोझिशन म्हणजे मतपत्रिकेवरचा प्रस्ताव) मंजूर केलं आणि मूळ दर १ टक्क्यावर बांधला गेला. घर विकलं जाईपर्यंत करपात्र किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. हे घरमालकांना पाठ असतं. पण त्याच प्रस्तावात आणखी एक गोष्ट होती, ती फार कमी जणांना माहीत असते. हा कर गोळा होतो काउंटीत आणि राहतोही काउंटीत, पण शहर, काउंटी, शाळा आणि पाणी किंवा अग्निशमनाचे स्वतंत्र जिल्हे यांत तो कसा वाटायचा, हे ठरवण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाकडे गेला. पुढच्या चाळीसेक वर्षांतली भांडणं इथूनच सुरू झाली.

दुसरी पायरी: शाळेचा धागा शोधा

हे कोडं सुटलं की निम्मं काम झालं. १९८८ च्या प्रॉपोझिशन ९८ मुळे शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांना एक किमान रक्कम मिळालीच पाहिजे, अशी घटनात्मक हमी आहे. ती रक्कम दोन ठिकाणांहून भरली जाते: स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधला शाळांचा वाटा आणि उरलेलं राज्याच्या खात्यातून. आता राज्याची तिजोरी आटली तर काय होईल? शहर-काउंटीच्या वाट्यातला प्रॉपर्टी टॅक्स शाळांकडे वळवला, की राज्याला तेवढी रक्कम आपल्या खिशातून कमी घालावी लागते. शाळेच्या हाती एक डॉलरही जास्त पडत नाही, पण राज्याची बचत होते.

१९९२-९३ आणि १९९३-९४ मध्ये राज्याने नेमकं हेच केलं. इराफ नावाचा निधी तयार करून त्यात हा कर वळवला. एकट्या दुसऱ्या वर्षातलं वळवणं सुमारे २.६ अब्ज डॉलरचं होतं. म्हणून प्रस्तावात ‘राज्य आता स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सला हात लावू शकणार नाही’ असं वाचलंत, तर लगेच पुढचा प्रश्न विचारा: मग मंदीत शाळांची हमी राज्य कशातून पुरी करणार? उत्तर कधी कर्ज असतं, कधी इतर खात्यांतली कपात. त्यात वाईट काही असेलच असं नाही. पण ते गृहीत धरूनच मत द्यायला हवं.

तिसरी पायरी: नवा पैसा, परत केलेला पैसा की नुसतं कुलूप?

असे प्रस्ताव मला तीन प्रकारचे दिसतात आणि मतदाराची फसगत होते ती त्यांच्यात गल्लत झाल्यामुळे.

परत केलेल्या पैशाचं चांगलं उदाहरण नोव्हेंबर १९९३ चं प्रॉपोझिशन १७२. प्रॉपर्टी टॅक्स काढून घेतल्यावर काउंट्यांच्या अंदाजपत्रकाला भगदाड पडलं होतं. संपत आलेला अर्ध्या टक्क्याचा तात्पुरता सेल्स टॅक्स कायम ठेवायचा आणि तो स्थानिक सार्वजनिक सुरक्षेला द्यायचा, असा हा प्रस्ताव. मतदान २ नोव्हेंबरला होतं आणि त्याच्या काही दिवस आधीच लगुना बीच हे शहर आगीत होरपळलं होतं. अग्निशमनाच्या नावाने आलेला प्रस्ताव मंजूर झाला. वर पावतीत दिसले ते ५० सेंट हेच. बहुतेक लोकांना वाटलं आपण सुरक्षेला जास्तीचे पैसे दिले. खरं तर काढून घेतलेल्या रकमेतला काही भाग दुसऱ्या खिशातून परत आला होता, आणि तोही बहुतांश काउंट्यांना. शहरांच्या वाट्याला थोडाच.

नव्या पैशाचा प्रस्ताव असेल तर वाटणी टक्क्यात आहे की ठरावीक रकमेत, ते बघा. टक्का कानाला भरवशाचा वाटतो, पण मूळ करच घटला तर टक्का काय कामाचा? शेजारच्या ॲरिझोनात १९७२ साली मतदारांनी राज्याच्या आयकराचा १५ टक्के हिस्सा शहरांना द्यायचं ठरवलं, लोकसंख्येच्या प्रमाणात. त्या बदल्यात शहरांनी स्वतःचा आयकर लावायचा नाही. २०२१ साली राज्याने आयकर सरसकट २.५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शहरांचं नुकसान भरून काढायला हिस्सा १८ टक्के करावा लागला. म्हणून टक्का वाचताना तो कशाचा टक्का आहे आणि त्या मूळ रकमेवर ताबा कुणाचा आहे, हे दोन्ही वाचा.

तिसरा प्रकार कुलपाचा. त्यात एक पैसाही नवा नसतो. राज्याने काय करायचं नाही एवढंच लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियात गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले सगळ्यात महत्त्वाचे प्रस्ताव याच प्रकारचे आहेत.

चौथी पायरी: मजकुरात अपवाद आधी वाचा

गाइडच्या शेवटच्या पानांवर कायद्याचा पूर्ण मजकूर बारीक अक्षरात असतो. तिरक्या अक्षरात असतं ते नवीन, खोडलेलं असतं ते रद्द होणार. सगळं वाचायला बसू नका. ‘नॉटविथस्टँडिंग’, ‘एक्सेप्ट’, ‘अनलेस’, ‘टू-थर्ड्स’ हे शब्द पेन्सिलने गोल करत जा. मेख तिथेच मारलेली असते.

नोव्हेंबर २००४ चं प्रॉपोझिशन १-ए घ्या. पार्श्वभूमी अशी: वाहनाच्या किमतीवरची लायसन्स फी २ टक्के होती आणि ती शहर-काउंट्यांना जायची. राज्याने ती टप्प्याटप्प्याने ०.६५ टक्क्यांवर आणली. २००३ साली गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या काळात ती पुन्हा वाढली, लोक खवळले, त्याच वर्षी ऑक्टोबरात डेव्हिस यांना मतदारांनी मत देऊन पदावरून हटवलं आणि आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी सूत्रं हाती घेताच वाढ रद्द केली. फी कायमची घटल्यावर शहर-काउंट्यांना त्या बदल्यात प्रॉपर्टी टॅक्स देण्याचा सौदा झाला. दोन वर्षं दरवर्षी १.३ अब्ज डॉलरचा भार स्थानिक संस्थांनी सोसायचा आणि त्या बदल्यात राज्याने घटनेत लिहून द्यायचं, की यापुढे स्थानिक वाट्याला हात लावणार नाही. हे लिखित वचन म्हणजे १-ए. जवळपास ८४ टक्के मतदारांनी हो म्हटलं.

पण मजकुरात एक खिडकी होती. गव्हर्नरने गंभीर आर्थिक अडचण जाहीर केली आणि दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी मान्यता दिली, तर राज्य स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सच्या ८ टक्क्यांपर्यंत रक्कम उसनी घेऊ शकेल. तीन वर्षांत व्याजासह परत करायची, आणि दहा वर्षांत दोनदाच. आर्थिक संकट आलं आणि २००९ च्या जुलैमध्ये ती खिडकी उघडली. सुमारे १.९ अब्ज डॉलर उसने घेतले गेले. परतफेड वेळेत झाली हे खरं, पण दरम्यान अनेक शहरांना राज्याकडून येणं असलेल्या रकमेवर रोखे काढून रोकड उभी करावी लागली.

८४ टक्के लोकांपैकी किती जणांना ही खिडकी माहीत होती? मला वाटतं, फार थोड्यांना. म्हणून माझा आग्रह: अपवाद आधी, हमी नंतर.

पाचवी पायरी: त्याच मतपत्रिकेवर जोडीदार आहे का?

२००४ च्या मतपत्रिकेवर प्रॉपोझिशन ६५ नावाचा अशाच विषयाचा दुसरा प्रस्तावही होता. स्थानिक संस्थांनी तो सह्या गोळा करून आणला होता. पुढे सौदा जमला, सगळे १-एच्या मागे उभे राहिले, पण ६५ छापला जाऊन बसला होता. तो पडला. इथला नियम लक्षात ठेवा: परस्परविरोधी दोन प्रस्ताव मंजूर झाले, तर ज्याला हो अशी मतं जास्त ती तरतूद लागू होते.

क्रमांकावरूनही गोंधळ होतो. दर दहा वर्षांनी क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात आणि १-ए हे नाव २००४ मध्ये स्थानिक महसुलासाठी, २००६ मध्ये वाहतूक निधीसाठी आणि २००८ मध्ये वेगवान रेल्वेसाठी वापरलं गेलं. कुणी म्हणालं ‘मी १-एला मत दिलं होतं’, तर आधी साल विचारा.

सहावी पायरी: कुलूप लागल्यावर काय मोडेल?

२००९ चा अनुभव घेऊन शहरांच्या संघटनेने २०१० साली प्रॉपोझिशन २२ आणलं. ती खिडकीच बंद करायची, शिवाय राज्याने पुनर्विकास संस्थांचा आणि वाहतुकीचा पैसाही घ्यायचा नाही. शिक्षकांच्या आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या राज्यव्यापी संघटना विरोधात होत्या, कारण राज्याचा हात बांधला की ताण शाळांवर आणि इतर सेवांवर येणार. सुमारे ६१ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला.

पुढचं प्रत्येक मतदाराला माहीत असायला हवं. पुनर्विकास संस्था म्हणजे शहरांनी जुने भाग सुधारण्यासाठी काढलेल्या सुमारे ४०० संस्था. आपल्या हद्दीतल्या प्रॉपर्टी टॅक्सची वाढ त्या स्वतःकडे ठेवायच्या. २०११ मध्ये तिजोरी पुन्हा रिकामी. राज्य त्यांचा पैसा घेऊ शकत नव्हतं, तेव्हा विधिमंडळाने दोन कायदे केले: एकाने या संस्था बरखास्त, दुसऱ्याने ठरावीक रक्कम भरली तर जीवदान. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २९ डिसेंबर २०११ ला निकाल लागला: बरखास्ती वैध, कारण संस्था निर्माण करणारं विधिमंडळ त्या बंदही करू शकतं, पण पैसे भरून जीवदान मात्र प्रॉपोझिशन २२ मुळे घटनाबाह्य. १ फेब्रुवारी २०१२ ला सगळ्या संस्था संपल्या. ज्या कुलपाने त्यांचा पैसा सुरक्षित राहणार होता, त्याच कुलपाने तडजोडीची वाटही बंद केली.

त्या संस्था जाव्यात की राहाव्यात यावर प्रामाणिक मतभेद आहेत. त्यांनी उभी केलेली परवडणारी घरं मी पाहिली आहेत, आणि शाळा-काउंट्यांचा वाटा त्यांच्याकडे जात होता हेही खरं आहे. पण प्रस्ताव वाचताना हे विचारायला शिका: राज्याला पैसा घेता आला नाही, तर ते दुसरं काय करू शकेल?

सातवी पायरी: गाइड कोणत्या क्रमाने वाचायचं

सगळ्यात आधी लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्टचं विश्लेषण. हे कार्यालय पक्षनिरपेक्ष आहे आणि आर्थिक परिणाम साध्या भाषेत सांगतं; राज्यावर किती, स्थानिक संस्थांवर किती, कोणत्या वर्षापासून. त्याच पानांवर ‘हो’ आणि ‘नाही’ या मतांचा नेमका अर्थही दिलेला असतो. तो दोनदा वाचा, कारण ‘राज्याला मनाई करण्याला हो’ यात भलेभले गोंधळतात.

मग प्रस्ताव विधिमंडळातून आला की सह्यांनी, ते. विधिमंडळाने केलेली घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळवून आलेली असते, म्हणजे काहीतरी सौदा झालेला असतो. तो कुणाकुणात, ते शोधा. सह्यांनी आलेल्या घटनादुरुस्तीला गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या ८ टक्के सह्या लागतात, साध्या कायद्याला ५ टक्के. २०२२ च्या निवडणुकीनंतर हे आकडे ८,७४,६४१ आणि ५,४६,६५१ झाले. एवढ्या सह्या बहुधा पैसे मोजून गोळा केल्या जातात, तेव्हा पैसा कुणी घातला ते राज्याच्या देणगीदारांच्या यादीत बघा. मतदारांनी मंजूर केलेलं बदलायला साधारणपणे पुन्हा मतदारांकडेच यावं लागतं. चूक झाली तर ती लवकर निस्तरत नाही.

बाजूने आणि विरोधात असलेले युक्तिवाद शेवटी वाचा, आणि सह्या कुणाच्या आहेत तेवढंच टिपून घ्या.

आठवी पायरी: आपल्या गावापर्यंत आणा

राज्यभराचे अब्जांचे आकडे मनात बसत नाहीत. तुमच्या शहराच्या वेबसाइटवरून चालू वर्षाचं अंदाजपत्रक उतरवून घ्या, त्यातलं जनरल फंडाचं (शहराच्या सर्वसाधारण खात्याचं) पान उघडा आणि तीन आकडे वहीत लिहा: प्रॉपर्टी टॅक्स, सेल्स टॅक्स आणि वाहन फीच्या बदल्यात मिळणारा प्रॉपर्टी टॅक्स. तिसरी ओळ म्हणजे २००४ चा तो सौदा. बऱ्याच शहरांत ती रक्कम बघून आश्चर्य वाटतं. प्रस्ताव यातल्या कोणत्या ओळीला स्पर्श करतो? एकाही नाही, असं उत्तर आलं तर प्रचारात तुमच्या अग्निशमन केंद्राचं चित्र का आहे, हे विचारायची वेळ आली.

विचारायचं कुठे? सिटी कौन्सिलच्या सभेत. तिथे नागरिकत्व लागत नाही. व्हिसावर असलेली व्यक्तीही उभं राहून दोन-तीन मिनिटं बोलू शकते, आणि मत देता येत नसलेल्यांनी ही संधी जरूर घ्यावी. प्रश्न नेमका ठेवा: ‘हा प्रस्ताव मंजूर झाला तर पुढच्या वर्षीच्या आपल्या जनरल फंडात किती डॉलर वाढतील किंवा कमी होतील, आणि फायनान्स डायरेक्टरनी हा अंदाज कशावरून काढला?’ उत्तर लेखी मागा. सभा मतदानाच्या निदान तीन आठवडे आधीची निवडा, म्हणजे उत्तर हाती येईपर्यंत पाकीट बंद करून त्यावर सही करायची घाई होणार नाही.